बाराविकांची जागा

टॉर्बेननं आमच्या घरावर बोट ठेवलं तेव्हा मी कॉफी ढवळत होतो, आणि बरंच ढवळून झाल्यावर लक्षात आलं की तिच्यात मी साखर घातलेलीच नाही. मंगळवार होता, सकाळचे नऊ. रीगातल्या आमच्या तीन खुर्च्यांच्या ऑफिसात डेन्मार्कहून आलेला हा उंच, पिंगट दाढीचा माणूस टेबलावर मांडलेल्या तेवीस कागदांवरून सावकाश नजर फिरवत होता. प्रत्येक कागदावर एक शेतघर, त्याचा फोटो, खाली जमीन किती, जंगल किती, रस्ता कच्चा की पक्का. त्याच्या देशातल्या काही निवृत्त शिक्षकांनी जन्मभर साठवलेला पैसा त्याला कुठंतरी लावायचा होता, आणि लात्वियात जंगल घेऊन ठेवलं तर पैसा झोपेतसुद्धा वाढतो, असं त्याला कोणीतरी पटवलं होतं. ते कोणीतरी म्हणजे आम्हीच. "हे," तो म्हणाला. "हे आज बघता येईल?" फोटो मीच काढलेला होता, फेब्रुवारीत, फाटकाबाहेर उभं राहून. छपरावर बर्फ, धुराड्यातून धूर नाही. खालचा मजकूरही माझाच. 'परिसर शांत' असं मी लिहिलं होतं. आमचा साहेब गुनार्स खुर्चीत जरा सावरून बसला आणि आमच्या भाषेत, पण हवापाण्याबद्दल बोलावं अशा सुरात मला म्हणाला, "सांगू का ह्याला?"

"काय सांगायचंय त्यात?"

"घर तुझं आहे म्हणून."

"नको. कागदावर आहे ना नाव? विचारलं तर सांगेन."

"तुझी मर्जी. तुझ्या जागी मी असतो तर दुसऱ्याला पाठवलं असतं."

"दुसरा आहे कोण? तू? तुझी गाडी गॅरेजमधून आली की सांग."

गुनार्स हसला. टॉर्बेनही हसला, भाषा कळत नसताना पाहुणे हसतात तसा. मी कॉफी पिऊन टाकली आणि गाडीची किल्ली घेतली.

मला काही वाटलं नाही, हे इथंच सांगून टाकतो. आई जानेवारीत गेली तेव्हापासून मला काही वाटतच नाही. वाईट वाटत नाही असं नव्हे, वाटणंच बंद झालंय. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर ओठ आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही, तसं काहीतरी. पुरायच्या दिवशी जमीन इतकी गोठलेली होती की खणणाऱ्यांनी आदल्या रात्रीपासून तिच्यावर शेकोटी पेटवून ठेवली होती, आणि पाद्री बोलत होता तेव्हा मी कडेला सारलेली राख बघत होतो आणि मनात म्हणत होतो की लाकूड ओलं वापरलंय. घराच्या दारापासून फाटकापर्यंत रिवाजाप्रमाणे फरच्या फांद्या पसरल्या होत्या. त्या मीच तोडून आणल्या होत्या, सगळ्या एका मापाच्या. लोक म्हणाले, मोद्रिसनं सगळं नीट केलं. तिसऱ्या दिवशी मी कामावर हजर होतो. मार्चमध्ये शर्टाला इस्त्री करताना मनगट भाजलं, ते दुसऱ्या दिवशी बस थांब्यावर एका अनोळखी बाईनं दाखवल्यावर मला कळलं. ती म्हणाली, अहो, हे बघा तरी. मी बघितलं. फोड चांगला नाण्याएवढा होता. मी तिचे आभार मानले आणि बस आली म्हणून चढलो.

शहर सुटून सिगुल्दाच्या पुढं गेलो तेव्हा इंगुनाचा फोन आला. इंगुना माझी धाकटी बहीण. बारा वर्षं झाली, ती आयर्लंडमध्ये अळंबीच्या शेडमध्ये काम करते. थंड अंधाऱ्या खोल्यांमध्ये फळ्यांवर फळ्या, त्यांवर पांढऱ्या बटणांसारखी अळंबी, आणि ती दिवसभर खुडायची. ना चव ना वास, रबर खुडते मी, असं ती म्हणते. गुनार्सनं तिला कळवलेलं दिसत होतं. आवाज गाडीभर ऐकू येत होता, पण टॉर्बेनला आमची भाषा येत नसल्यानं ते कोणाच्याच खिजगणतीत नव्हतं.

"मोद्री, खरं का? आज गिऱ्हाईक?"

"हो. शेजारीच बसलंय."

"कसा आहे?"

"दाढी आहे. पट्टा लावून बसलाय. बरा आहे."

"आणि तू? तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं काय. तू म्हणशील तसं."

"अरे, मी काय म्हणू? मी इथं आहे. फेब्रुवारीत तूच म्हणालास विकू या."

"मी नाही म्हणालो. तू म्हणालीस."

"मी म्हटलं, कारण तू काही बोलतच नव्हतास! तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास तर माणसानं समजायचं काय? तुला ठेवायचं असेल तर ठेव की. मला काही नको त्यातलं. पण बोल."

बाहेर राय धान्य कापून झालेली शेतं होती, आणि एका शेतात वीसेक बगळे ट्रॅक्टरच्या मागे मागे चालले होते. मी म्हटलं, संध्याकाळी सांगतो. ती म्हणाली, संध्याकाळी तू सांगशील की झालं. मग म्हणाली, त्याला जंगलाचं काय करायचंय रे? मी म्हटलं, कापायचंय, दुसरं काय करतात. तिकडून नुसती शेडमधल्या पंख्यांची घरघर आली. मग तिचा मुकादम आला असावा, फोन बंद झाला. टॉर्बेननं विचारलं, घरून का? मी हो म्हटलं. त्या दिवशी मी त्याच्याशी एकही शब्द खोटा बोललो नाही, निदान दुपारपर्यंत तरी. खोटं बोलायची गरजच पडत नव्हती. लोक विचारतात तेवढंच सांगितलं की माणूस पूर्ण झाकला जातो.

आमच्याकडे खेड्यात घराला नंबर नसतो, नाव असतं. आमच्या घराचं नाव वानागी, म्हणजे ससाणे. ते पणजोबांच्याही आधीपासून आहे, आणि घर विकलं तरी नाव घरापाशीच राहतं, माणसं बदलतात. गावात मला आडनावानं कोणी ओळखत नाही, वानागीचा मोद्रिस म्हणतात. उद्या ही जमीन शिक्षकांची झाली की ते शिक्षक वानागीचे होतील आणि मी रीगातल्या पुर्वत्सिएम्स वस्तीत पाचव्या मजल्यावरचा कोणीतरी. हे सगळं कुलूप काढताना मनात आलं आणि गेलं. आत वास तोच होता, सफरचंदं, राख आणि जुन्या लोकरीचा, पण मला तो नाकात शिरला एवढंच कळलं. मी खोल्या दाखवल्या. ही स्वयंपाकघराची भट्टी, अजून उत्तम चालते. ही विहीर, पाणी बाराही महिने. इथं मालकीण झोपायची. टॉर्बेननं आईच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर हाताच्या मुठीनं हलकेच ठोकून बघितलं आणि लाकूड कोरडं आहे म्हणून खूश झाला.

"एकटी राहायची का?"

"शेवटची एकतीस वर्षं. नवरा ट्रॅक्टर चालवायचा, तो लवकर गेला."

"मुलं?"

"दोन. मुलगी आयर्लंडला, मुलगा रीगात. मुलगा दर शनिवारी यायचा."

"त्याला घर नको?"

"तो काही बोलत नाही," मी म्हणालो, आणि टॉर्बेननं मान हलवली. अशी मुलं डेन्मार्कमध्येही असावीत.

खरं तर त्याला घराशी काही देणंघेणं नव्हतं. घर पडलं तरी चाललं असतं. त्याला ओढ्यापलीकडचं स्प्रूसचं जंगल बघायचं होतं, ज्यापायी त्यानं तेवीसातून आमचा कागद उचलला होता. आम्ही फळीवरून ओढा ओलांडला. टॉर्बेन चालतो छान, फांदी मोडत नाही, पाय कुठं ठेवायचा ते त्याला कळतं. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं असं आता वाटतं. एका मोठ्या झाडापाशी थांबून त्यानं पिशवीतून एक बारीक पोकळ गिरमिट काढलं, खोडात फिरवत फिरवत घातलं, आणि पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी बाहेर ओढली. कांडीवरच्या रेघा तो नखानं मोजत होता. मग दुसऱ्या झाडाची, मग तिसऱ्याची. "गंमत आहे," तो म्हणाला. "सगळी चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर वर्षांची. लावलेली तर दिसत नाहीत, ओळी नाहीत. मग एकाच वयाची कशी?" मी म्हणालो, "इथं आधी कुरण होतं. मग काही वर्षं गवत कापायला कोणी नव्हतं." त्यानं वहीत लिहून घेतलं: नैसर्गिक वाढ.

तेही खरंच होतं. एकोणपन्नासच्या मार्चमध्ये आजोबा, आजी आणि साडेपाच वर्षांची आई यांना सोव्हिएत शिपायांनी पहाटे मालगाडीत चढवून सायबेरियाला नेलं. ती परत आली तेव्हा तेरा वर्षांची होती, सोबत फक्त आजी होती, घरात सामुदायिक शेतीची वासरं बांधलेली होती आणि कुरणात तिच्या कमरेपर्यंत आलेली स्प्रूसची झाडं होती. आई हे कधी सांगायची नाही. मला आजीकडून कळलं, तेही एकदाच, बटाटे सोलताना. आई एवढंच म्हणायची की ही झाडं माझ्या पाठची भावंडं आहेत, आणि तेही चिडवायच्या सुरात, आम्ही झाडावर चढलो की. त्र्याण्णव साली जमीन कागदोपत्री परत मिळाली तेव्हा गावातल्या प्रत्येकानं तिला सांगितलं, आउस्त्रा, विकून टाक लाकूड, छप्पर तरी नवं घाल. तिनं छप्पर घातलं नाही. कारण विचारलं तर म्हणायची, झाडं गेली की बाराविका जातात.

आता बाराविकांबद्दल सांगायला हवं. बाराविका म्हणजे अळंबीतली राणी, तपकिरी टोपीची, मुठीएवढ्या जाड देठाची. तिला स्प्रूसच्या मुळांचा शेजार लागतो. शेडमध्ये ती कोणाच्या बापाला पिकवता येत नाही. आणि ती जिथं उगवते ती जागा आमच्यात कोणी कोणाला सांगत नाही. शेजाऱ्याला नाही, भावाला नाही, नवऱ्याला नाही. जंगलात टोपलीवर नेचाची पानं झाकून येणारी बाई भेटली आणि विचारलं, मिळाली का काही, तर ती म्हणणार, कुठलं हो, यंदा पाऊसच नाही, आणि टोपलीच्या वजनानं तिचा खांदा वाकलेला असणार. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. 'मिळाली का' एवढंच विचारायचं असतं, 'कुठं' हे विचारायचं नसतं. कुठं हे विचारणं म्हणजे एखाद्याच्या पलंगाखाली डोकावून बघण्यासारखं. आई उजाडायच्या आत तळ्याच्या वाटेनं जायची आणि शेताच्या बाजूनं परत यायची, म्हणजे दवातली पावलं बघून कोणाला थांगपत्ता लागू नये. देठ जमिनीलगत चाकूनं कापायचा आणि वर शेवाळ ठेवून अंगठ्यानं दाबायचं. बापानं कधी विचारलं नाही. मी कधी विचारलं नाही. मरताना सांगतात म्हणे; आईला एका रात्रीत झटका आला, तिनं काही सांगितलं नाही. मी ती जागा तिच्याबरोबर गेली असं धरून चाललो होतो, तिच्या दातांसारखी, तिच्या आवाजासारखी, आणि त्याचंही मला काही वाटलं नव्हतं.

जंगलाच्या मधोमध उतार आहे, तिथं झाडं जरा विरळ होतात. टॉर्बेन माझ्या दोन पावलं मागे होता आणि ट्रक आत आणायला रस्ता कुठून काढता येईल ते बोलत होता. दोन हिवाळ्यांत काम आटोपेल, जमीन गोठलेली असताना, म्हणजे चाकं रुतणार नाहीत. नंतर नवी रोपं, ओळींत. मी हं हं करत होतो. आणि समोर, शेवाळातून, एक तपकिरी टोपी वर आलेली दिसली. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी, चौथी, उतारावर खाली जाईपर्यंत. मी विचार केला असं म्हणता येणार नाही. माझा डावा बूट पुढं झाला, त्यानं सुकलेली फांदी टोपीवर ओढली, आणि मी टॉर्बेन आणि उतार यांच्यामध्ये पाठ करून उभा राहिलो. "तिकडे नको," मी म्हणालो. "तिकडे दलदल आहे. पाय जातो."

तो थांबला. खाली बघून म्हणाला, "दिसत तर कोरडं आहे."

"वरून दिसतं."

तो वळला आणि दुसऱ्या बाजूनं सीमेचे दगड शोधायला गेला. आणि मी तिथंच उभा राहिलो, कान गरम झालेले. ज्या माणसाला मी सकाळपासून सगळं जंगल देत सुटलो होतो, झाडं, माती, ओढा, विहीर, आईच्या पलंगामागची भिंत, त्याच्यापासून मी चार अळंबी लपवली होती. जी दोन हिवाळ्यांनंतर उगवणारच नव्हती. हसू यायला हवं होतं. हसू आलं नाही, पण काहीतरी हललं, सुई उतरायला लागली की ओठाच्या कडेला मुंग्या येतात तेवढं. मी उकिडवा बसलो. तेव्हा दिसलं की टोप्यांच्या मध्ये मध्ये शेवाळाचे छोटे उंचवटे आहेत, नीट बसवलेले, प्रत्येकावर अंगठ्याचा खळगा. मी एक उचलला. खाली कापलेला देठ होता, पांढराशुभ्र, ओला, आज सकाळचा. क्षणभर, आणि हे मी कोणाला सांगितलेलं नाही, मला वाटलं की आई इथंच कुठंतरी आहे आणि मला बघून झाडामागे लपली आहे. मला तिचा राग आला. आठ महिन्यांत पहिल्यांदा काही आलं, तर तो राग.

"शेवाळ ठेव जागेवर," मागून आवाज आला. "सुकतं ते."

बिरुतामावशी होती. अर्ध्या किलोमीटरवर तिचं घर, आमचा सगळ्यात जवळचा शेजार, आईच्याच वयाची, एका पायानं अधू. हातात टोपली, वर नेचाची पानं. मला बघून ती दचकली नाही. पलीकडे दगडांपाशी वाकलेल्या टॉर्बेनकडे मात्र तिनं चांगलं निरखून बघितलं.

"हाच का तो? कापणारा?"

"हा फक्त बघायला आलाय."

"खाटीकही आधी बघायलाच येतो. काय रे, वाळलास किती. खातोस की नाही?"

"मावशी, ही जागा तुम्हाला कशी ठाऊक?"

"आउस्त्रानं दाखवली. ऑक्टोबरच्या शेवटाला. हाताला धरून आणलं मला, माझा पाय हा असा, दोनदा पडले. म्हटलं, अगं, मला कशाला दाखवतेस, आज आहे उद्या नाही. तर म्हणते, कोणाला तरी ठाऊक असायला हवं." तिनं टोपली खाली ठेवली. "एकटीनं नाही खाल्ली हां मी. निम्मी सुकवून ठेवलीत तुझ्यासाठी. दोऱ्यात ओवून. घेऊन जा जाताना."

"मला नाही सांगितलं तिनं."

"तू विचारलंस?"

"असं विचारतात का कोणी?"

"नाही विचारत," बिरुतामावशी म्हणाली. "मीही नव्हतं विचारलं. पण इंगुनानं विचारलं. आयर्लंडहून, फोनवर, बेशरमपणे. आई, कुठं गं मिळतात तुला? आउस्त्रा चार दिवस हसत होती. आणि सांगितलं की नाही तिला! ओढ्यापासून किती पावलं, कुठल्या वाकड्या बर्चपाशी वळायचं, सगळं. म्हणाली, एकानं तरी विचारलं. आता मोद्री विचारेल. प्रत्येक शनिवारी म्हणायची. तू यायचास, लाकडं फोडायचास, गटारं साफ करायचास, जेवायचास, ताट धुऊन ठेवायचास आणि जायचास. मग मला फोन करायची, आजही नाही विचारलं गं. तुझा मुलगा शहाणा आहे, मी म्हणायची, रीतभात पाळतो. तर म्हणाली, रीतभात घालू का चुलीत? शेवटी म्हणाली, आता मीच घेऊन जाते त्याला. घेऊन जाणार होती. नेलं नाही का तुला?"

नाही, असं मी म्हणणार होतो. आणि तेवढ्यात तो शनिवार माझ्यासमोर आला, सगळाच्या सगळा, वासासकट. ऑक्टोबरातला. मी स्वयंपाकघरात चहा पीत होतो. बाहेर धुकं होतं. आई रबरी बूट घालून दारात आली, डोक्याला रुमाल बांधलेला, आणि म्हणाली, मी जंगलात चालले. मी म्हटलं, बरं. ती गेली नाही. दारातच उभी राहिली. तिच्या हातात दोन टोपल्या होत्या. दोन टोपल्या आहेत हे मी बघितलं होतं, आणि मनात म्हटलंही होतं की म्हातारीला यंदा भरपूर मिळणार असं दिसतंय. ती पुन्हा म्हणाली, मग निघते हं मी. आमच्यात अळंबीला निघालेल्या माणसाकडे बघायचं नसतं, कुठल्या वाटेनं जातो ते कळू नये म्हणून आपण होऊन पाठ फिरवायची असते. लहानपणी तिनंच शिकवलेलं. मी कप घेऊन उठलो आणि खिडकीकडे पाठ करून भट्टीकडे तोंड करून उभा राहिलो. चांगला वळणाचा मुलगा. बराच वेळ दार वाजलं नाही. भट्टीचं दार किती काळं झालंय ते मी बघत होतो. मग दार वाजलं, आणि मी पुन्हा खिडकीकडे वळलो तेव्हा अंगणात धुक्याशिवाय काही नव्हतं. दुपारी ती शेताच्या बाजूनं परत आली. एक टोपली भरलेली होती आणि दुसरी रिकामी, पहिलीच्या दांडीला अडकवलेली. आम्ही कांद्यावर परतून, सायीत घालून खाल्ली. मी म्हटलं, छान झालीयत. ती म्हणाली, हो.

टॉर्बेन परत आला होता. त्यानं बिरुतामावशीला वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं, आणि मावशीनं पायानं टोपली मागे सरकवली. "काय म्हणतायत या?" त्यानं मला विचारलं.

मी सांगितलं. त्या घरातल्या म्हातारीची अळंबीची जागा इथं आहे, दलदल नाही, मी खोटं बोललो. झाडं कापली की ही जागा जाईल.

तो उतारावरून खाली बघत राहिला. मग त्यानं वही उघडली. "काही झाडं सोडता येतील," तो म्हणाला. "एक एकर वगैरे. त्याहून जास्त नाही, मग व्यवहारात अर्थ उरत नाही. पण नुसत्या एकरभर झाडांना वारा आडवं करतो, हेही सांगितलं पाहिजे. मालकांशी बोलावं लागेल. त्यांना काय हवंय?"

"मालक मी आहे," मी म्हणालो. "आणि माझी बहीण. मला विकायचं नाही."

माझा आवाज मला जरा मोठा वाटला. टॉर्बेननं माझ्याकडे बघितलं, घराच्या दिशेनं बघितलं, आणि त्याला बहुधा तो पलंग आणि ती ठोकून बघितलेली भिंत आठवली असावी, कारण त्याचा चेहरा दाढीच्या वर लालबुंद झाला. "हे सकाळी सांगायला हवं होतंत तुम्ही," तो म्हणाला. तो चिडला होता, आणि त्याचं चिडणं बरोबर होतं. परतीचं विमान रात्रीचं, आणि उरलेल्या बावीस कागदांपैकी एकही जागा त्यानं बघितलेली नव्हती. त्यानं गिरमिट कापडात गुंडाळलं, वही बंद केली आणि मी गाडीपाशी थांबतो म्हणून फळीच्या दिशेनं निघून गेला. जाताना त्यानं फांदी मोडली नाही. उद्या गुनार्स मला काय म्हणेल ते मला शब्दन् शब्द ठाऊक होतं.

मग झाडांमध्ये आम्ही दोघंच उरलो. माझ्या छातीत बर्फ फुटल्यासारखं दुखायला लागलं होतं, खरंखुरं, बरगड्यांच्या आत. आई दारात दोन टोपल्या घेऊन उभी होती आणि मी तिला पाठ दाखवली होती. जंगल राहिलं काय आणि गेलं काय, ते दार आता पुन्हा उघडणार नव्हतं. आणि मी विचारलं. "मावशी, कुठं? कुठपासून कुठपर्यंत आहे तिची जागा? मला दाखवा."

"दाखवायचं काय त्यात," बिरुतामावशी म्हणाली. "उभा आहेस तिथंच आहे."

तेव्हा मला रडू फुटलं. बावन्न वर्षांचा माणूस मी, ऑफिसचा कोट घातलेला, नाक गळतंय, हुंदक्यावर हुंदका, झाडाला धरायलाही हात सापडत नव्हता. मावशीनं मला जवळ घेतलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. ती नुसती टोपली उचलून माझ्या पायांकडे बघत होती.

"रडतोस ते रड," ती म्हणाली, "पण खाली बघून रड. तुडवशील."